खुंटी निघंना म्हणून घण घालताय? आधी वरचं ओझं उतरवा

वाडा उतरवायला घेतला की सगळीकडं एकच रडगाणं, खांब-तुळईच्या जोडातली लाकडी खुंटी निघंना. सोलापुरात कसब्यात बघा, शुक्रवार पेठेत बघा, नाहीतर बार्शी-अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या बाजूला जा, सुतार दोन-चार ठोके मारतो, खुंटी जागची हलत नाही, मग मालक मागून म्हणतो अरे घाल की जोरात, मग घण येतो, आणि खुंटी राहते तिथंच, खांबाचं डोकं मात्र वरपासून हातभर चिरत जातं. त्यानंतर फोन येतो, "दादा, आता काय करावं?" आता काय, तो खांब आता खांब म्हणून परत उभा राहत नाही, त्याच्या चौकटी नाहीतर पाट-चौरंग करा.

हे लिहायलोय ते ज्यांना सांगाडा जसाच्या तसा उतरवून दुसरीकडं उभा करायचाय त्यांच्यासाठी. शेतातल्या घराला, हॉटेलला, नाहीतर आजोबांच्या वाड्यातला निदान सोपा, म्हणजे ओसरी, तरी वाचवायचा म्हणून. नुसतं लाकूड घनफुटावर विकायचं असेल तर एवढं वाचत बसू नका, वखारवाला येतो आणि करवतीनं कुसू, म्हणजे जोडाच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सपासप कापून गाडीत टाकून नेतो. पण कुसू कापलं की खांब वरून तीन-चार इंच गेला, खालून तेवढाच गेला, तुळईची दोन्ही टोकं गेली, मग तो सांगाडा परत जुळतच नाही, लोखंडी प्लेटा आणि नटबोल्ट घालून कसाबसा उभा करावा लागतो.

आता मूळ मुद्दा. खुंटी सहसा स्वतःहून अडकलेली नसते, तिच्यावर ओझं असतं म्हणून ती निघत नाही. दाराला पाठ लावून कोणी बसलं की आतली कडी सरकत नाही, तसंच. कुसवाचं भोक एका बाजूला ओढलेलं, तुळईचं भोक दुसऱ्या बाजूला, मधे खुंटी चिमटलेली, तिला तुम्ही घणानं मारा नाहीतर काहीही करा, ती आतल्या आत ठेचून फुगते आणि आणखी घट्ट बसते. चिमटा सोडवला की तीच खुंटी हातोडीच्या चार टिचक्यांत बाहेर येते, कधी कधी तर नुसत्या पकडीनं फिरते. त्यामुळं खुंटीचं काम खुंटीपासून सुरू होत नाही, ते वर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, सुरू होतं.

माळवदावर किती वजन असतं याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो. दहा बाय दहा फुटांचा एक खण, म्हणजे चार खांबांमधली जागा, धरा, वर फक्त एक फूट माती, तरी ती जवळपास पावणेतीन-तीन घनमीटर होते आणि कोरडी असली तरी साडेचार टनाच्या आसपास जाते. आणि एक फूट हे कमीच धरलंय, कारण आपल्याकडं गळती लागली की दरवर्षी पावसाच्या तोंडावर वर आणखी पांढऱ्या मातीचा थर देतात, जुना थर कोणी काढत नाही, पन्नास-साठ वर्षांत दोन फूट सहज होते. किल्लारीला १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे जो भूकंप झाला त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची ही माती अंगावर येऊनच माणसं गेली, त्यामुळं वरचं ओझं म्हणजे काय हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको.

माती काढताना एका कडेपासून सुरू करून दुसऱ्या कडेला जायचं नाही. लोक तसंच करतात कारण घमेली टाकायला सोपं पडतं. पण मग अर्धा सांगाडा हलका आणि अर्धा ओझ्याखाली, सगळा एका बाजूला कलतो आणि खाली प्रत्येक जोडातली खुंटी तिरकी चिमटते. प्रत्येक खणातून थोडी थोडी, सगळीकडून सारखी उतरवा. काढलेली माती माळवदाच्याच कोपऱ्यात ढीग घालून ठेवू नका, लगेच खाली जाऊ द्या. साणं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक, असेल तिथं आधी फळी टाकून बंद करा, त्यातून खाली पाय जातो. आणि मातीत विंचू असतात, कड्यांच्या, म्हणजे तुळयांवरच्या आडव्या लाकडांच्या, फटीत वटवाघळं असतात, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कोणाला वर चढवू नका. मीटरची लाईन आधीच तोडून घ्या, जुन्या वाड्यात वायर कड्यांवरनं कुठून कुठं गेलीय ते घरच्यांनाही माहीत नसतं.

माती गेली, खालच्या तुराट्या-काटक्या नाहीतर फळ्या गेल्या, कड्या गेल्या, की तुळया आणि खांब एवढाच सांगाडा उरतो. इथं एक धोका आहे. माती आणि भिंती या दोघांनी मिळून तो सांगाडा इतकी वर्षं सरळ धरलेला असतो, ते दोन्ही गेले की तो हलायला लागतो. म्हणून कड्या काढायच्या आधीच प्रत्येक खणात तिरके दांडे बांधून घ्या, खांबाला खिळे मारून नाही, दोरीनं किंवा पट्ट्यानं. भिंतीत घुसलेली तुळईची टोकं मोकळी करायला भिंत वरून थराथरानं उतरवा, पहारीनं तुळई हलवून भिंत पाडायला जाऊ नका, भिंतीत दडलेलं टोक बहुतेक वेळा वाळवीनं नाहीतर ओलीनं आतून भुसा झालेलं असतं आणि नेमकं तिथंच मोडतं.

आता जॅक. पाच नाहीतर दहा टनाचा बाटली जॅक पुरतो. खाली जमीन शेणामातीची असेल तर जॅकखाली जाड फळी, नाहीतर तुळई उचलायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो. वर तुळईला लागतो तिथं लाकडाचा ठोकळा, नक्षी असेल तर त्यावर पोतं. जॅक खांबाच्या शेजारीच लावा आणि पलीकडच्या बाजूला टेकू. मग दांडा हळू हळू मारत खांबाच्या बुडाकडं बघत राहा. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, खांब जिथं टेकलाय तिथं केसाएवढी फट दिसली, जुन्या हॅक्सॉचं पातं सरकलं, की थांबा. दोन-तीन मिलिमीटर, बास. इथंच बरेच जण चुकतात, खुंटी सैल झाली नाही म्हणून आणखी उचलतात, पण जास्त उचललं की ओझं उलट बाजूनं खुंटीवर येतं, आधी ती खालून चिमटलेली होती आता वरून. सैल होण्याची जागा मधे एवढीशीच असते. जॅक थोडा वर, थोडा खाली करत खुंटीवर लाकडी मोगरीनं टिचकी मारत राहा, आवाज बदलतो. ओझं असताना ठक असा भरीव येतो, सुटलं की पोकळ आणि थोडा खुळखुळल्यासारखा. तो आवाज आला की जॅकच्या बाजूला पाचर घालून टेकू पक्का करा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली माणूस उभा करायचा नाही.

खुंटी कुठल्या बाजूनं मारायची हा दुसरा घोळ. बऱ्याच खुंट्या निमुळत्या असतात, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक, आणि बारीक तोंडाकडून मारायच्या. ऐकायला सोपं, पण वाड्यातल्या लाकडावर चुन्याचे, डिस्टेंपरचे, तेलरंगाचे इतके थर असतात की खुंटीचं तोंडच दिसत नाही. आधी पटाशीनं किंवा ब्लेडनं दोन्ही बाजूंची तोंडं साफ करा, मापी घेऊन दोन्हीचा व्यास बघा. सारखाच आला तर दोन्हीकडून हलके ठोके मारून बघा, जिकडून जरा तरी सरकली ती बाजू. कधी कधी बारीक टोक आधीच्या कोणीतरी ठोकून छत्रीसारखं पसरवलेलं असतं, ते तसंच आत मारलं तर भोक फाडत जातं, आधी करवतीनं लाकडाच्या बरोबरीत कापून घ्या.

मारायला टोकदार सळई अजिबात नको. टोकदार सळई खुंटीच्या मधोमध घुसते आणि तिला आतून पाचरीसारखं फाकवते, मग ती आणखीच घट्ट. सपाट तोंडाची गोल सळई घ्या, खुंटीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर बारीक. स्लॅबला वापरतात ती कंगोऱ्याची सळई घेऊ नका, तिचे कंगोरे भोकाची कड खातात. बाभळीचा दांडा तासून घेतला तर सगळ्यात चांगलं.

थोडी सरकून मग स्प्रिंगसारखी परत येणारी खुंटी असेल तर ती वाकडी आहे असं समजा. जुने सुतार कुसवातलं भोक मुद्दाम थोडं सरकवून पाडत, खुंटी आत गेली की ती वाकून कुसू खेचून घ्यायची आणि जोड घट्ट बसायचा, दीडशे वर्षांनी तीच करामत तुमच्या डोक्याला ताप होते. अशी खुंटी एकाच बाजूनं मारत राहिलात तर मधेच मोडते. इकडून दोन ठोके, तिकडून दोन ठोके, असं पुढं-मागं खेळवा, मधे जॅक थोडा कमी-जास्त करा. तरी नाही निघाली तर ड्रिल. खुंटीच्या बरोबर मधोमध आधी बारीक भोक, मग टप्प्याटप्प्यानं मोठं, पण खुंटीच्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमीच ठेवा, कडेचं टरफल उरतं ते पटाशीनं आत ढकलून काढा. ड्रिल सरळ धरायला लाकडाचा एक ठोकळा भोक पाडून मार्गदर्शक म्हणून लावा, हातानं अंदाजे धरलं तर ड्रिल मऊ बाजूला, म्हणजे कुसवात, भरकटतं. सागवानात वाळूसारखा कण असतो, त्यानं बिटाची धार पटकन जाते, धूर निघायला लागला की ओळखा बिट मेलं, जोर वाढवू नका, धार लावा.

काही खुंट्या आरपार नसतात. मागून मारायला जागाच नाही. त्यात मधे भोक पाडून जाड लाकडी स्क्रू घट्ट बसवायचा आणि स्क्रूच्या डोक्याला पकड लावून, खाली लाकडाचा टेका देऊन उपटायचं. फिरवत फिरवत ओढलं तर लवकर येते.

आणि खिळे. मूळ सुतारानं एकही खिळा वापरला नसेल, पण नंतरच्या प्रत्येक पिढीनं वापरलेत. झुंबराला हुक, पाळण्याला कडी, दिव्याच्या पट्टीला खिळे, आणि कुठंतरी जोड सैल वाटला म्हणून खुंटीच्या शेजारी चार इंची खिळा ठोकून दिलेला. ड्रिल लावायच्या आधी चुंबक फिरवा, स्पीकरमधलं जुनं चुंबक चालतं. खिळा जोडातून आरपार असेल तर तो उपटायच्या भानगडीत पडू नका, गंजलेला खिळा लाकूड घेऊन बाहेर येतो. जोड थोडा उघडला की फटीतून हॅक्सॉचं पातं घालून तिथंच कापा, उरलेले तुकडे खाली बसून निवांत काढता येतात.

खुंटी निघाली तरी जोड सुटत नाही, हेही बऱ्याचदा होतं. मग लोक पहार घालतात. थांबा. आधी बघा की ओझं खरंच गेलंय का, शेजारच्या खणाची तुळई याच जोडावर टेकलेली तर नाही. मग बघा दुसरी खुंटी आहे का, बऱ्याच जाड तुळयांना दोन असतात, एक प्लास्टरखाली दडलेली. मग रंग बघा, खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं तिथल्या, फटीत तेलरंग भरून वाळला की तो सरसासारखा धरून ठेवतो, धारदार सुरीनं फटीतून फिरवून तो कापा. आणि वरून डोकावून बघा कुसवाच्या टोकात पाचर मारलीय का, पाचर असेल तर ती आधी बारीक पटाशीनं पोखरून काढावी लागते. एवढं सगळं करूनही नाही सुटलं तर चेन ब्लॉक लावा, पण साखळी लाकडाला उघडी नको, रुंद पट्टा वापरा, आणि ओढायचं कुसवाच्या अगदी सरळ रेषेत. हलवून, डुलवून, डावीकडं-उजवीकडं करून काढलं की कुसवाचे गाल तुटतात. तुळई दोन खांबांवर असेल तर दोन्ही टोकं सारखीच वर आली पाहिजेत, एक टोक फूटभर वर आणि दुसरं अजून बसलेलं असं झालं की बसलेल्या टोकाचं कुसू मोडलंच म्हणून समजा. आणि माणसं किती लागतील तेही आधीच बघा, आठ बाय आठ इंचाची बारा फुटी सागवानी तुळई शंभर किलोच्या घरात जाते, परांचीवर दोन पोरं उभी करून ती उतरत नाही.

पाणी, रॉकेल, डिझेल ओतायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. पाण्यानं खुंटी फुगते, म्हणजे उलटंच. तेलानं थोडं सुळसुळीत होतं खरं पण डाग कायमचा बसतो आणि पुढं तिथं पॉलिश धरत नाही. आपल्याकडं फुकटात मिळणारं औषध वेगळं आहे, ऊन. मार्च ते मे मधे लाकूड सुकून आकसतं, खुंटीही आकसते, पावसाळ्यात जी खुंटी घणाला दाद देत नव्हती ती एप्रिलमधे सरळ येते. तेव्हा काम त्याच दिवसांत काढा, पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवा, पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी माणसंही टिकत नाहीत आणि लोखंडी पहार हातात धरवत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत माणसं मिळायची नाहीत, तेव्हा तारीख धरू नका. आणि जूनच्या आत निदान लाकूड शेडमधे गेलं पाहिजे, माळवद उघडं करून ठेवलं आणि पहिला वळवाचा पाऊस आला की उरलेली माती चिखल होऊन आणखी जड.

नंबर टाकणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप त्याचाच होतो. खडूनं लिहू नका, गाडीत घासून जातं. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यावर खिळ्यानं नंबर कोरा आणि न दिसणाऱ्या बाजूला बारीक चुकेनं मारा, जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच नंबर, कुठली बाजू रस्त्याकडं होती तेही. आधी लाकूड साफ करून बघा, बऱ्याच वेळा जुन्या सुतारानं पटाशीच्या रेघांनी स्वतःच्या खुणा करून ठेवलेल्या असतात, एक रेघ, दोन रेघा, फुली, त्या सापडल्या तर तुमचं अर्धं काम झालं. खांब सगळे सारखे दिसतात पण एकाचं कुसू दुसऱ्या भोकात बसत नाही, हातानं केलेलं काम आहे. सोडायच्या आधी प्रत्येक खणाचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा, फोटो तर सगळेच काढतात पण फोटोत माप नसतं.

एखादं कुसू चिरलं तर तिथंच फेव्हिकॉल भरून आवळायची घाई नको. चिरेत दीडशे वर्षांची धूळ असते, डिंक धरत नाही. दोरीनं घट्ट आवळून बांधा, तुटलेला तुकडा त्याच नंबरच्या पिशवीत घाला, खाली उतरवल्यावर साफ करून चिकटवता येतो. पूर्ण कुजलेलं असेल तर त्या जागी नवीन सागवानाची जीभ खाच पाडून बसवता येते, बाकीचा खांब चांगला असताना टाकून देऊ नका.

उतरवलेलं लाकूड उन्हात रचू नका. ज्या उन्हानं खुंटी सोडवली तेच उन्ह आता टोकं फाडतं. सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, प्रत्येक थरात पट्ट्या घालून हवा खेळेल असं रचा, कापलेल्या किंवा उघड्या टोकांना मेण नाहीतर जाड रंग. प्लास्टिकचा कागद गच्च गुंडाळला तर आत घाम धरतो आणि बुरशी येते.

मजुरीचं एक सांगतो. हे काम गुत्त्यानं देऊ नका. गुत्तेदार वाईट असतो असं नाही, पण गुत्त्यात जितक्या लवकर खाली तितका त्याचा फायदा, आणि इथं एका खुंटीला कधी कधी अख्खी सकाळ जाते. रोजावर द्या, एक जाणता सुतार आणि त्याच्या हाताखाली ऐकणारी माणसं. आपल्याकडं कानडी-तेलुगू बोलणारे जुने मिस्त्री अजून आहेत, मागाची लाकडी कामं केलेले तर खुंटीचा आवाज ओळखतात, त्यांना मामा म्हणून चहा पाजून आणा, पैसे दोन जास्त घेतील पण घण आणणार नाहीत.

निघालेल्या जुन्या खुंट्या परत वापरायच्या नसतात, त्या ठेचलेल्या आणि वाकलेल्या असतात. पण टाकूनही देऊ नका, प्रत्येक जोडाची एक खुंटी नंबर लावून ठेवा, नवीन करताना माप त्यावरून घेता येतं. नवीन खुंटी फाडलेल्या लाकडाची करा, करवतीनं चिरलेल्याची नाही, फाडलं की रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहते आणि वाकली तरी मोडत नाही. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं, ओलं असलं तर पहिल्या उन्हाळ्यात आकसून सैल होणार. आणि ठोकायच्या आधी जोडाची दोन्ही भोकं एकासमोर एक येतात का ते पातळ सळई घालून बघा, जुळत नसतील तर तिरके दांडे आवळून आधी कर्ण वहीतल्या मापावर आणा, मग खुंटी मारा.